मौजे भोजनपूरचे सरपंच

मी सरपंच झाले तेव्हा गुलाल माझ्या नावाचा उधळला आणि हार माझ्या मालकांच्या गळ्यात पडले. मला त्याचं काही वाटलं नाही. अकरा वर्षं सरपंचकी त्यांनीच केली होती. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून त्यांनी माझा फॉर्म भरला, पत्रकावरचा फोटोही त्यांनीच पसंत केला. रामकिसनरावांची बायको वनमाला, एवढी ओळख मला वीस वर्षं पुरली होती, आणखी पाच वर्षं सहज पुरली असती. ग्रामपंचायतीत खुर्चीवर ते बसायचे, मी शेजारच्या बाकावर. ग्रामसेवक कागद पुढं सरकवून बोट ठेवायचा, "वहिनी, इथं," म्हणायचा आणि मी सही करायची.

आता हे कुणी करायला सांगितलं नव्हतं, पण एका बैठकीत मी कागद वाचला. सातवी शिकलेय मी, अक्षर समोर आलं की डोळे आपोआप फिरतात. गावच्या पाण्याची टाकी बांधून पूर्ण झाली, असं त्यात लिहिलं होतं. टाकीला अजून झाकण नव्हतं, जिना नव्हता, आत कबुतरं राहत होती. मी म्हणाले, "हे खोटं हाय. म्या सही करनार न्हाई."

पाच मेंबर, ग्रामसेवक आणि ठेकेदार, सगळे मालकांकडं बघायला लागले. मालकांनी ठेकेदाराला शब्द दिला होता. मालक लबाड नाहीत, माझ्या माणसाला मी ओळखते. पावसाळ्याआधी टाकी होईल असं त्यांना खरंच वाटत होतं. पण शब्द त्यांचा आणि सही माझी, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याही.

घरी येताना त्यांनी एकच विचारलं, "तुला वाचायला कुनी सांगितलं होतं?" मी म्हणाले, "कुनीच न्हाई." तीन दिवस ते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बीडच्या गाडीत बसले. पंधरा दिवसांनी कार्ड आलं: पुण्यात हॉटेलात आहे, भागीदारी आहे, काळजी करू नये. पत्ता नव्हता.

आठ महिने झाले. मला एका जागी बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची, एसटीचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून दारात यायची. वडवणीच्या बाजारात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रामकिसनराव कुठं हायत?" मी म्हणायची, "पुण्याला. हॉटेलात भागीदारी हाय." सांगून सांगून ते हॉटेल मी तीन मजली करून टाकलं होतं. संताप यायचा तो माझाच मला. टाकी पुरी झाली, ठेकेदारानं झक मारत जिना लावला, पाणी आलं, आणि पहिला हंडा भरला तेव्हा मला रडू फुटलं. बायका म्हणाल्या, आनंदानं रडते.

जानेवारीत आम्हा बाया सरपंचांना पुण्याला प्रशिक्षणाला नेलं. वडवणी आणि केज तालुक्यातल्या आम्ही अकराजणी होतो. त्यात आमच्या शेजारच्या गावच्या छबुबाई होत्या, वयानं साठीच्या, जिभेनं विशीच्या. पाच दिवस आम्ही कायदे ऐकले. मी अर्धे ऐकले. अर्धा वेळ खिडकीतून हॉटेलांच्या पाट्या वाचत होते. शेवटच्या दिवशी दुपारी प्रशिक्षणाच्या मॅडम म्हणाल्या, "चला, तुम्हाला एका वेगळ्याच ठिकाणी जेवायला नेते. मुंबईची, परदेशातली माणसं मुद्दाम बघायला येतात."

पुण्याबाहेर हमरस्त्याला लागून ते हॉटेल होतं. वेशीवर पाटी होती, "मौजे भोजनपूर, आपले सहर्ष स्वागत". आत शिरताच एका पोरीनं कपाळाला बुक्का लावला आणि हातात ताकाचं गाडगं दिलं. पुढं शेणानं सारवल्यासारखं रंगवलेलं सिमेंट, बैल नसलेली बैलगाडी, बटण दाबलं की रहाट फिरणारी विहीर. एक ज्योतिषी, एक कासार, एक वासुदेव, सगळे पगारी. नऊवारीतल्या बाया चुलीवर भाकरी थापत होत्या. छबुबाईंनी वाकून चुलीत बघितलं. लाकडं नुसती मांडलेली होती, जाळ खालून गॅसचा होता.

"आगं मॅडम," छबुबाई म्हणाल्या, "हे बघायला आमाला कावून आनलंत? आमी हितूनच तर आलोत."

मॅडम हसल्या. शहरातल्या माणसाला गावात राहिल्यासारखं वाटावं म्हणून हे केलंय, असं त्यांनी समजावलं. चौकात सिमेंटचा पिंपळ होता, त्याला खरा पार बांधला होता आणि पारावर फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन एक माणूस बसला होता. शेजारी हुक्का, मागं पाटी: "चावडी. सरपंच आपली तक्रार ऐकतील."

आम्ही अकराही जणी थांबलो. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वाकलो आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. आमच्याकडं चावडीवर माणसं बसलेली असली की गावची सून पायातलं हातात घेऊनच पुढं जाते, सरपंच झाली म्हणून पाय काही वेगळे होत नाहीत. आम्ही ओळीनं, अनवाणी, खाली बघत त्या पारापुढून निघालो. टेबलांवरच्या लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका गोऱ्या बाईनं फोटो काढला. तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं आणि छबुबाई स्वतःलाच शिव्या देत चप्पल घालायला लागल्या. तशीच त्यांची नजर वर गेली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

पारावर मालक होते.

त्यांनी मला आधीच बघितलं होतं. फेट्याखाली चेहरा कोळशासारखा काळा पडला होता. मला आधी काय वाटलं ते सांगते: हसू आलं. माझ्या तीन मजली हॉटेलातला भागीदार. मग मी ताकाचं गाडगं कुणाच्या तरी टेबलावर ठेवून दिलं. आठ महिने जिवाला घोर लावून हा माणूस इथं दुसऱ्या गावचा सरपंच झाला होता. कागद नाहीत, टाकी नाही, सही करणारी बायको नाही.

मी त्यांच्याकडं निघाले तर एक टाय लावलेला पोरगेला मॅनेजर आडवा आला. "मॅडम, स्टाफशी बोलता येत नाही. तक्रार सांगायची असेल तर घंटा वाजवा आणि रांगेत या." रांगेत दोघं होते. एका माणसानं तक्रार केली की बायको झुणका एकटीच खाते. मालकांनी मिशीवर हात फिरवला आणि घसा खाकरून निकाल दिला, "गुन्हा कबूल हाय. बाईला शिक्षा, नवऱ्याला एक पुरनपोळी भरवावी." सगळे हसले. दुसरा एक मुलगा होता, त्याला आइस्क्रीम हवं होतं. त्याच्या बापाला दंड झाला. आवाज तोच, ग्रामसभेतला, भरदार. तो आवाज ऐकून माझं काळीज हललं. घरात आठ महिने तो नव्हता.

मग मी घंटा वाजवली.

मालक माझ्याकडं बघेनात. मॅनेजर मागून कुजबुजला, "सरपंच, बोला." त्यांनी मान खाली घालूनच ठरलेलं वाक्य म्हटलं, "बोला बाई, काय तक्रार हाय?"

"माझा मालक आठ महिन्यांपासून घरी न्हाई."

टेबलांवर खसखस पिकली. मालकांनी गुडघ्यावरचं धोतर नीट केलं. "कावून गेला?"

"म्या कागद वाचला म्हनून."

आता जोरात हसले लोक. एकजण ओरडला, "भारी आहे." मालकांचा आवाज खाली आला. "चार मानसांत त्याचा अपमान झाला असल, बाई."

"झाला असल. म्या मुद्दाम केला न्हाई. पन खोटं लिवलेलं वाचून गप बसनं मला जमलं न्हाई आन पुढंबी जमनार न्हाई." मला रडायचं नव्हतं, पण नाक वाहायला लागलं. "मला त्याच्याबिगर करमत न्हाई. घरात मन लागत न्हाई. त्यानं यावं. पन सही म्या वाचूनच करनार. ह्यावर सरपंचानं काय तो निकाल द्यावा."

हसणं थांबलं. खोटं असलं तरी ते पारावरचं बोलणं होतं, आणि वर बघणं त्यांना भाग होतं. त्यांनी बघितलं. डोळे भरले होते. मला वाटलं, आता उठतील. फेटा काढतील, माझ्यासोबत येतील, आणि मी सगळं विसरेन.

ते म्हणाले, "निकाल पुढच्या तारखेला."

त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. मॅनेजरनं खुशीनं माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली, तिच्यावर एक जिलबी फुकट होती. रांगेतल्या माझ्यामागच्या माणसानं घंटा वाजवली, आणि मालकांनी घसा खाकरला.

परत येताना गाडीत छबुबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि बीडपर्यंत थोपटत राहिल्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "आमी काय बघितलं न्हाई, माय." आणि खरंच, एकीनंही कुठं ब्र काढला नाही. ते झाकणंच मला जास्त जाचायला लागलं. दिवसाला दहादा वाटायचं, पुन्हा जावं. दहादा वाटायचं, कशाला जावं. आधी निदान कुठं आहेत हे माहीत नव्हतं. आता भाकरी थापताना दिसायचं, तिकडं ते कुणाच्या तरी पुरणपोळीचा न्याय करत असतील.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उपसरपंच सुंदरराव उठले. शाळेच्या खोल्यांचा ठराव होता. ते म्हणाले, "वहिनी, ठराव मोठा हाय. रामकिसनराव येस्तोवर थांबू. कवा येनार हायत ते? का पुन्यात बंगला बांधायलेत?"

हसले सगळे. मी त्या खुर्चीत बसले होते आणि मला एकाएकी कंटाळा आला. तीन मजल्यांचा, भागीदारीचा, सगळ्याचाच.

"बंगला न्हाई," मी म्हणाले. "त्ये एका हॉटेलात नोकरी करतेत. लोकं गाव बघायला येतेत तिथं. त्ये फेटा बांधून सरपंच म्हनून बसतेत. म्या डोळ्यानं बघितलंय. काम चांगलं करतेत. आता ठरावाचं बोला."

मला वाटलं होतं, लोक फिदीफिदी हसतील. कुणी हसलं नाही. सुंदरराव खाली बसले, टोपी काढून पुन्हा घातली आणि हात वर केला. ठराव मंजूर झाला. मी तो आधी मोठ्यानं वाचून दाखवला. घरी येऊन मात्र दार लावून घेतलं आणि डोकं धरून बसले. आपण आपल्याच माणसाची अब्रू भर सभेत काढली, आता तो कसला येतोय.

पुढच्या सोमवारी दुपारी ते आले. डोक्याला काही नव्हतं, मिशीचा पीळ उतरलेला, पायजमा आणि साधा सदरा. ओसरीवरच्या बाजेवर बसले. मी पाणी दिलं.

"गावात सांगितलंस," ते म्हणाले.

"सांगितलं."

"वडवणीच्या स्टँडवर मला दोघांनी इचारलं, तिथं जेवन कसं आसतं म्हनून." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्या रातंदिस भ्यायलो होतो त्याच गोष्टीला. आन लोकं जेवनाचं इचारायलेत."

"कितीदा यायचं ठरवलं होतं?"

"दर सोमवारी. सोमवारी हॉटेल बंद आसतं. दर सोमवारी पुन्याच्या स्टँडवर यायचो आन माघारी जायचो."

ऐकून मला राग आला आणि मायाही आली. दोन्हीचं काय करावं ते न सुचून मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं. राहणार का जाणार, हे विचारायचा धीर होत नव्हता. बाहेर कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. वरच्या आळीचे धुळाजी होते.

"बरं झालं रामकिसनराव, तुमी आलात," धुळाजींचा आवाज आला. "आमच्या आळीच्या नळाला तीन रोज झाले, पानी न्हाई. खालच्या आळीवाल्यांनी कॉक बंद केलाय. आता तुमीच काय ते करा."

बाज करकरली. मालक ताठ बसले असणार. त्यांनी घसा खाकरला, तसाच, भरदार. माझे हात परातीत थांबले. मग बाज पुन्हा करकरली.

"आगं," त्यांनी आत हाक मारली, "ह्ये तुझ्याकडं आलेत."

मी तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. ते बाजेवरून उठून उंबऱ्याशी बसले होते. धुळाजींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि नळाचं सगळं पहिल्यापासून मला सांगायला लागले.