भिंतीवरचा तेलाचा डाग

"हा डाग गेल्याशिवाय शिडी मिळायची नाही," मास्तर दारातूनच म्हणाले.

रंगाऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, पंजाएवढा पिवळट, तेलकट गोल होता. रंगाऱ्याची बायको संध्याकाळी तिथं पाठ टेकून कपड्यांना ठिगळं लावत बसायची. केसांना तेल चोपडायची हौस भारी. डाग एका दिवसाचा नव्हता, अख्ख्या संसाराचा होता. गेल्या वर्षी ती गेली आणि डाग राहिला.

घरमालक मास्तरांना ही भाड्यानं दिलेली खोली आता पुतण्यासाठी हवी होती. रंगाऱ्यानं सकाळीच मुकाट्यानं सामान हातगाडीवर चढवलं होतं. पण शिडी मागच्या अंगणात, मास्तरांच्या कुलपात अडकली होती. शिडीशिवाय त्याला उद्यापासून काम नव्हतं.

मास्तरांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली होती. कुणाला फटकारायचं झालं की ते शब्दाचं मूळ उकरून फटकारत. आताही त्यांनी रंगाऱ्याला समोर उभं करून विचारलं, इतकी वर्षं बिऱ्हाड करून राहिलास, बिऱ्हाड म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? रंगारी म्हणाला, घरसंसार, दुसरं काय असणार.

"घर नव्हे. शेजारच्या भाषेतल्या 'बिडार'वरून आलाय तो शब्द. बिडार म्हणजे तळ, मुक्काम. माणसं येतात, तंबू ठोकतात, निघायची वेळ झाली की उचलतात. तू बिऱ्हाडकरू. तळ उठला की मागं खुंटीसुद्धा ठेवायची नसते."

"असेल. पण आमची ही लग्न होऊन आली तेव्हा तुमच्याच आई म्हणाल्या होत्या, पोरांनी बिऱ्हाड थाटलं. तंबू ठोकला असं नव्हत्या म्हणाल्या."

"आईला मधे आणू नकोस. तिचं ऐकलं म्हणून तर इतकी वर्षं डोक्यावर बसलास."

"डोक्यावर कुठं, मास्तर. भिंतीला टेकून बसलो."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चुन्याच्या बादलीकडे बोट दाखवलं आणि निघून गेले.

तेलाच्या डागावर नुसता चुना टिकत नाही. पंधरा-वीस दिवसांत तेल पुन्हा वर येतं, आणि भिंत तापली तर त्याआधीच. म्हणून आधी रोगणाचा एक हात द्यायचा असतो. मग डाग कायमचा आत गाडला जातो. लोकांच्या घरांत रंगाऱ्यानं असे कितीतरी डाग गाडले होते.

त्यानं रोगणाचा डबा उघडला. उग्र वास रिकाम्या खोलीत भरला. दुसऱ्या हाताची बोटं त्यानं डागावर टेकवली. भिंत तिथं अजून गुळगुळीत होती.

त्यानं झाकण पुन्हा ठोकून घट्ट बसवलं, डबा हातगाडीवर सगळ्या सामानाखाली ठेवला, आणि भिंतीला नुसत्या चुन्याचे तीन हात दिले.

चुना वाळल्यावर मास्तर आले. चष्मा पुसून त्यांनी भिंत जवळून पाहिली, तळवा फिरवला.

"आता कसं, इथं कुणी राहिलंच नव्हतं असं वाटतंय," ते म्हणाले आणि शिडीच्या कुलपाची किल्ली त्याच्यापुढे टाकली.

रंगाऱ्यानं शिडी खांद्यावर घेतली. जाता जाता खिडकीशी थांबून म्हणाला, "ही उघडी ठेवत जा. भिंतीला ऊन लागू द्या."

कामातलं काहीतरी असेल म्हणून मास्तरांनी खिडकी सताड उघडली. ऊन आत शिरलं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, टेकून राहिलं.