मानाचा खांब

सोलांजनं गादी खिडकीतून अर्धी बाहेर ढकलली आणि ती तिथंच अडकली. हिवाळाभर बंद घरात पडून तिला कुबट वास लागला होता. मार्चचं ऊन कसंबसं निघालं होतं, आणि ही बया ना आत येईना, ना बाहेर जाईना.

अंगणापलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली तिचा थोरला भाऊ मार्सियाल बदकांच्या दाण्याची बादली घेऊन उभा होता.

"डावीकडून उचल!" तो ओरडला. "तुझी डावी नव्हे, माझी डावी!"

"मग ये ना इकडे, तुझी डावी घेऊन!"

"मी कशाला येऊ? घर तुझं, गादी तुझी, पाहुणे तुझे. जरा तिरकी करा, मालकीणबाई."

उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर मार्सियालनंच. सोलांजनं दात-ओठ खाऊन खांदा लावला, तशी गादी सुटली आणि खालच्या डॅफोडिलांवर आडवी झाली. मार्सियालनं बादली ठेवली, अंगण ओलांडलं, गादी एकट्यानं उचलून उन्हात कठड्यावर टाकली आणि हात झटकले. गादी आता घराबाहेर होती, म्हणजे तिला हात लावायला त्याची हरकत नव्हती.

हरकत होती ती उंबऱ्याला. वडिलांमागे वाटण्या झाल्या तेव्हा शेत आणि जुनं घर मार्सियालकडे गेलं आणि समोरचं तंबाखू वाळवायचं उंच लाकडी कोठार सोलांजच्या वाट्याला आलं. ती तेव्हा शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन गावी परतली होती. कोठारात ती बटाटे ठेवील, फार तर कोंबड्या, असं मार्सियालनं धरलं होतं. तिनं तिथं खिडक्या काढल्या, जिना घातला, नहाणीघर बांधलं आणि कोपऱ्यातली एक खोली स्वतःला ठेवून बाकीचं घर सुट्टीसाठी येणाऱ्यांना आठवड्याच्या बोलीनं द्यायला सुरुवात केली.

"तंबाखूच्या कोठारात नहाणीघर!" मार्सियाल भर जेवणात म्हणाला होता. "जिथं बाबांनी आणि मी जन्मभर पानं टांगली, तिथं परके लोक पाय पसरून झोपणार? त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. लिहून ठेव."

लिहून ठेवायची गरज नव्हती. मार्सियाल शब्दाचा पक्का, आणि हट्टाचा त्याहून पक्का. तेव्हापासून त्यानं उंबरा सोडून सगळं केलं. छपरावरची कौलं बदलली, कारण छप्पर बाहेर असतं. पागोळीचं पन्हाळं साफ केलं. पाहुण्यांसाठी अंडी नि खरबुजं पायरीवर आणून ठेवली, आणि दार वाजवून, ते उघडायच्या आत पसार झाला. येणारे-जाणारे पाहुणे घराचं तोंड भरून कौतुक करत, पण सोलांजला ते पुरत नसे. ज्यानं एकदा आत येऊन, खुर्ची ओढून, तिच्या टेबलाशी बसावं असं तिला मनापासून वाटे, तो एकच माणूस पायरीवरून परत जात होता.

एक मात्र तो रोज करी. सकाळी बदकांना दाणा घातला की कोठारासमोरच्या जुन्या खांबापाशी येई. वडील गावच्या कौन्सिलवर निवडून आले तेव्हा गावानं उभारलेला तो मानाचा खांब. सोललेलं उंच पाइनचं झाड, शेंड्याशी तेवढी हिरवळ ठेवलेली, आणि खाली पाटी: 'मान आमच्या सभासदाला'. तेव्हा तरण्या मार्सियालनं बुंध्याकडचं ओझं खांद्यावर घेतलं होतं. आता हिरवळ कधीच झडली होती, पाटी वाऱ्यानं नेली होती आणि खांब काळा पडून कलला होता. मार्सियाल त्याच्यावर तळहात टेकवी, जोर लावून बघी, 'च्च' करी आणि तोंड पाडून निघून जाई.

सोलांज हे खिडकीतून बघे. बिचारा, तिला वाटे, बाबांची एवढीच खूण राहिली आहे.

उन्हाळा आला आणि तिला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. शनिवारी सकाळी जुने पाहुणे जायचे, संध्याकाळी नवे यायचे, आणि मधल्या वेळात चादरी, काचा, चूल, कोळिष्टकं. दोरीवर वाळणाऱ्या चादरींतून वाट काढत ती गाणी म्हणायची. हे काम तिला आवडत असे. बंद गाड्यांतून आंबलेल्या चेहऱ्यांनी उतरलेली माणसं चार दिवसांत अनवाणी फिरू लागत, पोरं गुडघे फोडून घेत, बाया तिच्याकडून लसणीच्या सुपाची कृती विचारून घेत. प्रत्येक नव्या कुटुंबाला ती सगळं नीट सांगे: गांधीलमाश्यांचं पोळं कुठं आहे, शौचकूपात काय टाकायचं नाही, दुपारी खिडक्यांची झापं का लावायची. खांबाबद्दल तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मानाचा खांब तोडायचा नसतो, तो आपला आपण कुजून पडेपर्यंत उभा राहतो आणि तो पडल्याशिवाय त्या अंगणात दुसरा लागत नाही, हे काय सांगायचं? पाऊस वरून पडतो हे कुणी सांगतं का?

रविवारी ती जेवायला जुन्या घरी जाई. तिथं बाबांचीच रीत चालू होती. मार्सियाल खिशातला लाकडी मुठीचा चाकू उघडून जेवायला बसे आणि जेवण झालं की पावाला पुसून खटकन मिटे. चाकू मिटला की जेवण संपलं. मग तुमच्या ताटात काही का असेना.

"अरे, माझं बदक!" सोलांज म्हणाली. ती नेहमीच शेवटी वाढून घ्यायची, आणि दुसरा तुकडा तर तिनं आत्ताच घेतला होता.

"बदक कुठं पळून जात नाही आता," मार्सियाल उठत म्हणाला.

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही ह्याचा," त्याची बायको युगेत ताटल्या गोळा करत म्हणाली. "आणि ऐक, माझ्या खिडक्यांचा निळा रंग संपवलाय ह्यानं. चांगला ब्रशसुद्धा खराब केला. विचारलं तर म्हणे हिवाळ्यात बदकांचं खुराडं रंगवलं. मी बघून आले. खुराड्याला रंगाचा थेंब नाही!"

"बदकांनी चाटला असेल," मार्सियाल दारातून म्हणाला आणि गेला.

ऑक्टोबरात हॉलंडहून योस्त नावाचा ताडमाड गृहस्थ बायको-मुलांसह आला. त्या आठवड्यात अक्रोड वेचायचं काम जोरात होतं, आणि हे सगळं कुटुंब हौसेनं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलं होतं. मार्सियाल त्यांच्यावर खूश होता. "बघ," तो सोलांजला म्हणाला, "तुझे पाहुणे फुकट काम करतात आणि वर तुला पैसे देतात. तू फार पोचलेली आहेस."

गुरुवारी सोलांज बाजारातून परतली. गाडीतून पाय बाहेर टाकला आणि ती तशीच बसून राहिली. कोठारासमोर नुसतं आकाश होतं. भिंतीशी सरपणाची सुबक रास लागली होती, जाडजूड ओंडके खाली, बारके वर, आणि शेजारी घामाघूम योस्त हातात करवत घेऊन हसत उभा होता.

"कुजला होता!" तो मोडक्या भाषेत आनंदानं म्हणाला. "मुलं खाली खेळतात. डोक्यात पडला तर? आता रात्री छान शेकोटी!"

सोलांज कशीबशी खाली उतरली. उंबऱ्याचं राहू दे, आता अंगणही गेलं. बाबांची खूण तिच्या पाहुण्यानं तोडली, तिच्या करवतीनं, ती घरी नसताना. ह्यापुढे मार्सियालनं तोंड बघितलं नाही तरी ती कुठल्या तोंडानं तक्रार करणार होती? अश्रू आवरत तिनं योस्तला त्या खांबाची सगळी हकिगत सांगितली. योस्तचं हसू मावळलं. त्यानं करवत मागे लपवली. एवढा मोठा माणूस, पण तेव्हा खिडकी फोडलेल्या पोरासारखा दिसत होता.

तेवढ्यात मार्सियाल अंगण ओलांडून आला. खांबाच्या जागी थांबला. तिथं वीतभर खुंट उरला होता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"कुणी पाडला?"

"मी," योस्त म्हणाला. "मला माहीत नव्हतं. मला क्षमा करा."

"वाऱ्यानं नाही पडला?"

"नाही."

मार्सियालनं त्याला खालून वर न्याहाळलं. त्याला बराच वेळ लागला, कारण योस्त बराच उंच होता.

"माणसानं पाडायचा नसतो," तो सावकाश म्हणाला. "पण माणूस म्हणजे ज्याला नियम ठाऊक आहे तो. ह्याला काय ठाऊक? हा आला उत्तरेकडून, धसमुसळा, कुणाला न विचारता. म्हणजे वाराच की. सोलांज, खांब वाऱ्यानं पडला!"

"मार्सियाल, तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? उद्या सकाळी नवा उभा करायचा. वाऱ्यानं बुंध्याकडून उचलायचं. कळलं का हो?" आणि तो लगबगीनं निघून गेला. जाताना शीळ घालत होता. सोलांजनं त्याची शीळ बाबा गेल्यापासून ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव लोटलं. मार्सियालनं स्वतःच्या रानातला सरळसोट पाइन आणला, तोही सोललेला. एवढ्या लवकर सोललास कसा, असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्याला नेमका खोकला आला. दोर बांधले गेले, शिड्या लागल्या. योस्त बुंध्याशी लालबुंद होऊन रेटत होता, आणि "रेट रे वाऱ्या!" म्हणून गाव त्याला चेव आणत होतं. खांब थरथरत, डुलत उभा राहिला, शेंड्यावरची हिरवळ कोठाराच्या छपराच्याही वर गेली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सोलांजला वाटलं, सरपंच आले आहेत, पाटी त्यांची असेल, नाहीतर पुन्हा बाबांचीच. मार्सियालनं गोणपाटाखालून पाटी काढली आणि तोंड फिरवून तिच्या हातात दिली.

"धर जरा. खिळे आणतो."

निळी, पांढरी, लाल. मधोमध त्याचं वाकडंतिकडं अक्षर: 'मान आमच्या मालकीणबाईंना'.

रंग खडखडीत वाळलेला होता. एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं होतं, आणि मागच्या बाजूला अक्रोडाच्या सालींची जुनी, काळी धूळ घट्ट बसली होती. तो निळा रंग सोलांजनं ओळखला. युगेतनंही ओळखला. "अस्सं! हे खुराडं होय!" ती म्हणाली आणि तोंडाला पदर नसल्यामुळे एप्रन लावून हसू लागली.

सोलांज मात्र जागची हलली नाही. रोज सकाळी खांबावर टेकलेला तो तळहात तिला आठवला. तो जोर, ते 'च्च', ते पडलेलं तोंड. खांब अजून पक्का आहे म्हणून पडलेलं तोंड. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला एवढं हसू फुटलं की सरपंचांनी तिला पाण्याचा पेला आणून दिला.

"जीव गेला असता माझा वाट बघून," मार्सियाल खिळे दातांत धरून पुटपुटला. तो कुणाशी बोलत होता ते त्यानं सांगितलं नाही.

ज्याच्या मानाचा खांब, त्यानं उभारणाऱ्यांना जेवू घालायचं. सोलांजनं पातेलंभर लसणीचं सूप चढवलं, तळघरातून बदकाच्या बरण्या काढल्या, युगेतनं अक्रोडाची वडी आणली. माणसं आत शिरू लागली. मार्सियाल उंबऱ्याशी आला आणि थबकला. त्याच्या मागे रांग तुंबली.

"नियम आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खांब उभारला की जेवावंच लागतं. माझा इलाज नाही." त्यानं बूट पायपुसण्यावर नको इतके घासले आणि तो आत आला.

आत आल्यावर त्यानं मान वर केली. तुळईवर तंबाखूच्या दोऱ्या अडकवायचे आकडे जसेच्या तसे होते. त्यांवर पाहुण्यांचे कोट आणि मुलांच्या टोप्या लटकत होत्या. त्यानं एक आकडा हलवून बघितला.

"पक्के आहेत," तो म्हणाला.

"तूच ठोकले होतेस," सोलांज म्हणाली.

जेवण रंगलं. तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतून ताटली तोंडाला लावायची कशी, ते मार्सियालनं योस्तला शिकवलं, आणि योस्तच्या शर्टाची वाट लागली. सोलांज वाढत राहिली, मुलांना, सरपंचांना, दोर ओढणाऱ्यांना. ती जेमतेम बसून पहिला घास घेते तोच समोर मार्सियालनं पावाचा तुकडा घेतला आणि त्यावर चाकूचं पातं पुसलं, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. युगेतनं सवयीनं रुमाल टेबलावर ठेवला. गावातले म्हातारे खुर्च्या मागे सरकवू लागले. सोलांजनंही काटा खाली ठेवला.

मार्सियालनं चाकू ताटलीशेजारी ठेवला. उघडाच. मग हात छातीवर बांधून तो खुर्चीत मागे रेलला आणि बहिणीकडे बघत राहिला.

युगेतनं रुमाल पुन्हा मांडीवर घेतला. मग म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुन्हा पुढे ओढल्या.

सोलांजनं बदकाचा एक तुकडा घेतला. तो संपवून दुसरा घेतला, वर दोन बटाटे घेतले, आणि अगदी सावकाश जेवू लागली.