अख्खं किती उरलं

टेबलावर पुठ्ठ्याचे एकेचाळीस तुकडे होते: बारा भिंती, सहा मजले, आठ जिने आणि पंधरा खोकी. मिलीने ते दोनदा मोजले, दोन्ही वेळा एकेचाळीसच भरले. हेच तुकडे आता लाकडात कापायचे होते, पण शेजारी एमडीएफची धड शीट एकच होती. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, तीन मिलिमीटर जाड. दुसरी शीट दमट हवेने होडीसारखी वाकली होती, आणि वाकलेल्या शीटवर कापायच्या यंत्राचा लेझर एका जागी कापतो तर दुसऱ्या जागी नुसता जाळतो.

संगणकाने छत्तीस तुकडे शीटच्या चौकटीत बसवले होते. उरलेले पाच चौकटीबाहेर, लाल रंगात.

उद्या दुपारी दोन वाजता क्लबची स्पर्धा होती. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे आणि मोजपट्टी घेऊन माणसं टेबलावर युद्ध खेळणार होती, आणि ज्या पडक्या गावात ते युद्ध व्हायचं ते गाव उभं करायचं काम मिलीने अंगावर घेतलं होतं. दर वर्षी अशी घरं तयार विकत आणत. या वर्षी बैठकीत तिने हात वर केला, "मी करते" म्हणाली, आणि घरी येऊन लेझरची काच पुसायला बसली. पुठ्ठ्यावर कापलेला नमुना तिने खाचेत खाच घालून उभा करूनही पाहिला होता. सगळं चोख बसत होतं. फक्त शीटवर मावत नव्हतं.

"मग पाच कमी कर," दाराशी उभी असलेली आई म्हणाली.

"अगं, त्यात दोन भिंती आहेत. घराला भिंत नको?"

"पडकंच आहे ना तुझं गाव?"

मिलीने वर पाहिलं नाही. तिचं खरं नाव वेगळं होतं. शाळेत असताना भाकरीची जाडीसुद्धा पट्टीने मोजायची, म्हणून आईनेच तिला मिलिमीटरची मिली करून टाकलं होतं.

आईने एक भिंत उचलली, कडेवरून अंगठा फिरवला.

"तुझ्या त्या लाकडाला धागा असतो का? उभा, आडवा?"

"नाही. भुसा दाबून करतात. कुठूनही कापा, सारखंच."

आईने तुकडा खाली ठेवला. पडद्याकडे पाहिलं. तुकडा पुन्हा उचलला.

"मग हे सगळे कवायतीला उभे केल्यासारखे सरळ का? धाग्याचं बंधन नाही, तर तिरके करायला काय झालं?"

बावीस वर्षं आईने कपड्यांच्या कारखान्यात कापडावर मांडणी केली होती. शर्टाचे पुढचे, पाठीचे, बाह्यांचे नमुने कापडावर असे लावायचे की कमीत कमी कापड वाया जावं. तिथे सगळे तिला मांडणीवाल्या बाई म्हणत. दोन वर्षांपूर्वी हे काम करणारा संगणक आला आणि त्याच दुपारी तिचं लांब टेबल उचलून नेलं. एक पुष्पगुच्छ मिळाला. "बरं झालं, पाठीला आराम," एवढंच ती घरी येऊन म्हणाली. त्यानंतर घरात उशीचा अभ्रासुद्धा तिने शिवला नव्हता, आणि मिलीने कधी विचारलं नव्हतं.

"सरक जरा," आई म्हणाली.

आधी तिने पुठ्ठ्याच्या मोठ्या भिंती शीटवर घेतल्या. दोन पडक्या कडा एकमेकींत अशा अडकवल्या की मधे बोटही शिरेना. जिने त्यांच्या उतारावर निजवले. मग खिडक्यांच्या भोकांवर बोट ठेवलं.

"इथलं लाकूड कुठे जातं?"

"कचऱ्यात."

"आणि खोकी कापायला जागा नाही म्हणून रडतेस? बाहीच्या गोलात आम्ही कॉलर बसवायचो."

नऊ खोकी खिडक्यांत गेली. सरळ कडा आल्या तिथे आई तुकडे अगदी भिडवून ठेवू लागली. "एका कापात दोघांचं काम. दोन रेषा कशाला?" मिलीने मनात हिशेब केला. किरण शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर खातो, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा शून्य पूर्णांक एक. बाहेरच्या कडेला चालेल. "जिथे खाच आहे तिथे नको, सांधा सैल पडेल," ती म्हणाली. आईने तेवढे दोन तुकडे वेगळे केले.

"आणि आई, ही भिंत पालथी पडलीय. कोरलेल्या विटा घराच्या आत जातील."

आईने कपाळावर हात मारला. "कापडाच्या घडीवर कापायची सवय गं. डावं-उजवं एकदम निघायचं." तिने ती भिंत काढली, भोवतालचे चार तुकडे काढले, आणि तो कोपरा नव्याने मांडला.

पन्नास मिनिटांत एकेचाळीस तुकडे शीटवर होते. मिली टाळी वाजवणार, तेवढ्यात आईने तीन जिने परत उचलले.

"बसले की सगळे!"

"बसवतात सगळेच. शेवटी अख्खं किती उरलं, ते बघायचं असतं."

आणखी अर्धा तास गेला. आई केसभर सरकवायची, मागे होऊन बघायची, पुन्हा सरकवायची. शेवटी उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक कोरी पट्टी उरली. मिलीने वरून फोटो घेतला, त्यावर संगणकात रेषा जुळवल्या, पट्टी मोजली.

"चौदा मिलिमीटर! आई, तू संगणकाला चीतपट केलंस."

"त्याला तुकडे तिरके करायची मुभा होती?"

"नाही. मी दिली नव्हती."

"खिडकीत ठेवायची? रेष वाटून घ्यायची?"

"तीही नाही."

"मग ही कसली बरोबरी? दे त्याला सगळं. मला होतं तेवढं."

मिलीचा हात माऊसवर थबकला. मुभा मिळाली तर तो मिनिटाला हजारो मांडण्या करून पाहील, हे तिला ठाऊक होतं.

"कशाला उगाच? काम झालंय. कापायला लावू."

"तिकडे कारखान्यात कुणी लावून बघितलंच नाही," आई शांतपणे म्हणाली. "मशीन आलं, टेबल गेलं. माझी मांडणी आणि त्याची मांडणी शेजारी शेजारी ठेवली असती, मी हरले असते, तर मी हसत घरी आले असते. मला ऐंशी मिनिटं लागली. त्यालाही ऐंशी दे. ज्याची चांगली, ती काप."

दोन तुकड्यांतलं अंतर भरायची चौकट समोर होती. तिथे अर्धा मिलिमीटर जास्त लिहिला असता तर संगणकाची जागा वाया गेली असती आणि आईला कळलं नसतं. मिलीने शून्य लिहिलं. प्रत्येक मुभा मोठ्याने वाचत चालू केली, आणि घड्याळ लावलं.

आई खुर्चीवरून उठली नाही. पडद्यावर तुकडे गरगरत होते. विसाव्या मिनिटाला बाहेर तीनच लाल उरले. पस्तिसाव्याला एकही नाही.

"हुशार आहे की गं," आई पुढे वाकून म्हणाली. "तो जिना बघ कुठे घातला. मला नाही सुचलं."

उजवीकडची पट्टी रुंदावत गेली. चार, सात, नऊ. मिलीने नखं कुरतडायला घेतली. आईने तिच्या हातावर चापट मारली आणि हात तसाच धरून ठेवला.

ऐंशी मिनिटं झाली. मिलीने दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी लावल्या आणि आई म्हणाली म्हणून दोन्ही पट्ट्या पुन्हा मोजल्या, तीन तीन जागी.

संगणकाची अकरा मिलिमीटर भरली. आईची चौदा.