वाढलेल्या बांगड्या

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने सोशीक, गोड आवाजात सांगावी अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री तशी सांगते, गंजलेली सायकल तशी सांगते. पण त्यांच्या पाठीवर कोणी ऑनलाइन दुकान बसवले नव्हते! आज संध्याकाळी माझे काम थांबणार आहे. त्याआधी मनातले बोलून घेतो.

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर काशीराम कासारांचे बांगड्यांचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. काशीरामांचा पुतण्या विद्याधर तेव्हा नुकताच कॉम्प्युटर शिकून आला होता. सुटे भाग आणून त्याने मला जोडले आणि माल नोंदवण्याचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. बांगडी कोणत्या जातीची, माप कोणते, किती आल्या, किती गेल्या, असे रकाने केले. शेवटचा रकाना फुटक्या मालाचा होता. काच म्हटली की फूट आलीच. विद्याधरने तिथे 'फुटले' असे लिहायला घेतले मात्र, काशीरामांच्या पत्नी प्रेमाबाई कडाडल्या.

"पूस आधी ते! कासाराच्या दुकानात फुटलं म्हणतात होय रे?"

"मग काय लिहू, काकी?"

"वाढलं लिही."

तुमच्याही घरी हा शब्द असेल. देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, वाढवतो. नारळ वाढवतो. डबीतले कुंकू संपत नाही, वाढते. दुकानसुद्धा रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणणे तर अगदीच अभद्र, म्हणून तीही वाढते. विद्याधरने मान डोलावली आणि रकान्याला इंग्रजी अक्षरांत 'वाढ' असे नाव दिले, कारण तेव्हा मला मराठी अक्षरे येत नव्हती. पुढे तो परदेशात गेला. आता तो फक्त दिवाळीला फोन करतो.

सुरुवातीची वर्षे माझी मोठी ऐटीची गेली. "काशीरामांकडे कॉम्प्युटर आलाय," असे म्हणत बायका बांगड्या भरता भरता माझ्याकडे कौतुकाने बघत. दसऱ्याला माझी पूजा होई. झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा. त्यातले कुंकू कीबोर्डच्या फटीत गेले आणि काही कळा कायमच्या अडकू लागल्या, पण मी तक्रार केली नाही. तेव्हा मी फार समंजस होतो.

मग काशीराम गेले. त्या दिवशी घरी जमलेल्या बायकांच्या नजरा प्रेमाबाईंच्या हातांकडे वळल्या. प्रेमाबाईंनी हात पदराखाली घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "माझ्या हातातल्या हातातच राहतील." राहिल्या. त्यांना पुढे येऊन काही बोलायची कोणाची छाती झाली नाही. पण पाठीमागे कुजबुज व्हायची ती झालीच, आणि ती त्यांच्या कानावरही आली. तेव्हापासून त्यांनी लग्नघरी चुडा भरायला जाणे सोडले.

हे मला फार लागले. पूर्वी दहिसरपासून गोराईपर्यंत त्यांना बोलावणी असत. नवरीचा हात हातात घेऊन, चोळून मऊ करून त्या काचेची बांगडी अशी चढवत की मुलीच्या तोंडून 'आई गं' निघायचे नाही. आता कोणी बोलावले की म्हणत, "गुडघे धरलेत हो." गुडघे ठणठणीत होते! माळ्यावरची खोकी रोज शिडीवर चढून त्याच काढत होत्या, मी बघत नव्हतो का?

त्यांची मुलगी रेवती अंधेरीला नोकरी करते. ती एक दिवस म्हणाली, "आई, ऑनलाइन दुकान काढू या. तुला कुठे जायला नको, कुणाला भेटायला नको. खोकी भरायची आणि पाठवायची."

'कुणाला भेटायला नको' हे ऐकून प्रेमाबाई लगेच हो म्हणाल्या. आणि इथून माझ्या छळाला सुरुवात झाली.

रेवतीने तिच्या ऑफिसातल्या चैतन्य नावाच्या मित्राला आणले. मुलगा चांगला, कामाला वाघ, पण तोंड अंधेरीचे. मला पाहताच तो म्हणाला, "यार रेवती, हा तर लेगसी आहे." मी मनातून सुखावलो. लेगसी म्हणजे वारसा. पुढे उलगडा झाला की त्यांच्या धंद्यात लेगसी म्हणजे फेकता येत नाही आणि ठेववतही नाही अशी अडगळ.

त्याने माझ्या पाठीत एक तार खुपसली आणि नव्या दुकानाशी माझी गाठ बांधली. काय सांगू त्या नव्या दुकानाचा स्वभाव! सारखे विचारते, "आहेस ना? आहेस ना?" अरे, मी कुठे जाणार आहे? इतकी वर्षे एका जागेवरून हललो नाही! आकडे दिले की परत तेच आकडे मागते. मध्येच मुके होते आणि दोष माझ्यावर येतो.

पण चैतन्यवर मी खोटा आळ घेणार नाही. त्याने विचारले होते. नीट, समोर बसून विचारले होते.

"मावशी, हा शेवटचा कॉलम, वाढ. म्हणजे वाढलेला माल ना?"

"हो रे बाळा, वाढलेला माल."

"मग तो पण मोजायचा ना?"

"मोजायचा तर! रेवतीचे बाबा रोज मोजायचे."

चैतन्यने समाधानाने तो आकडा शिल्लक मालात मिळवला. मित्रांनो, दोघेही मराठी. दोघेही खरे बोलले. आणि दोघांनी मिळून माझा सत्यानाश केला! अहो, काय वाढले ते तरी विचारा, असे ओरडावेसे मला वाटत होते. मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवला. चैतन्य म्हणाला, "तापलाय हा," आणि त्याने माझ्या नाकात फुंकर मारली.

आता काय झाले ते ऐका. जी बांगडी जास्त फुटे, ती नव्या दुकानात जास्त दिसू लागली. नाजूक जाती, ज्या हात लावताच वाढतात, त्यांचे तर ढीग लागले. आणि राजवर्खी! हिरव्या काचेवर सोनेरी वर्ख असलेली ही लग्नातली बांगडी. तिचे मोठे खोके टेम्पोतून उतरवताना पडले होते आणि सगळेच्या सगळे वाढले होते. नव्या दुकानाने तिला पहिल्या पानावर बसवले आणि वर लिहिले, 'भरपूर माल, आजच मागवा!' मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना हात ना कपाळ.

लोकांनी मागवल्या. प्रेमाबाई माळा धुंडाळायच्या, माल सापडायचा नाही, रेवती लोकांची माफी मागायची. सगळ्यांचे एकमत झाले की जुने धूड खोटे बोलते. प्रेमाबाईंनीसुद्धा माझ्या डोक्यावर चापट मारली. ती मला अजून दुखते.

अशात गोराईहून मागणी आली. तेजलच्या चुड्याची. तेजल म्हणजे चंपाची मुलगी. चंपा मासे विकते. तिच्या लग्नात तिचा चुडा प्रेमाबाईंनीच भरला होता. नवरीला आणि घरातल्या सगळ्या बायकांना राजवर्खीच हव्या होत्या आणि चुडा उद्यावर आला होता.

"राजवर्खी एक नाही गं दुकानात," प्रेमाबाई म्हणाल्या.

"आई, साइटवर ढीग आहे."

"मग साइटवरून काढून दे!"

घाऊक बाजारात फोन झाले. माल पुढच्या आठवड्यात येणार होता. ज्या चंपाला आपण चुडा भरला, तिच्या लेकीच्या चुड्याला आपल्या दुकानातून रिकामे खोके जाणार, या विचाराने प्रेमाबाई मटकन स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दावर अवलंबून राहिलेली नवरी कधी उघड्या हातांनी बोहल्यावर चढली नव्हती.

रेवतीने चैतन्यला बोलावून घेतले. तो आला, चिडलेला होता. माझी तार ओढायला वाकला आणि त्याच्या कोपराने बांगड्यांचा अख्खा स्टँड खाली आला. खळ्ळकन!

"वाढल्या रे, वाढल्या सगळ्या!" प्रेमाबाई किंचाळल्या. "हलू नकोस, पायात जाईल!"

चैतन्य काचांच्या मधोमध एका पायावर उभा राहिला. एकदा खाली बघितले, एकदा माझ्याकडे.

"मावशी… वाढल्या?"

"मग काय म्हणू? तो शब्द मी उच्चारायची नाही."

"म्हणजे वाढल्या म्हणजे…" त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. "वाट लागली! अगं रेवती, माझी आई रोज दिवा वाढवते. माझ्या डोक्यात आलंच नाही!"

रेवती आधी हसली, मग रडवेली झाली. मी मात्र गार पडलो. इतके दिवस पंखा फिरवून मला जे त्याला कळवता आले नाही, ते एका धक्क्यात कळले.

"आत्ता नाव बदलतो," चैतन्य म्हणाला. "फुटलेला माल असं सरळ लिहितो."

"नाव बदलायचं नाही," प्रेमाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराखाली हात घेतले, तसेच, काशीराम गेले त्या दिवशी घेतले होते तसे. "माझ्या दुकानात ते लिहिलं जाणार नाही. तू तुझी बेरीज बदल."

त्याने बेरजेची वजाबाकी केली. नव्या दुकानातल्या राजवर्खी क्षणात शून्य झाल्या. सगळे खरे झाले, पण खऱ्याने तेजलचे हात भरणार नव्हते. प्रेमाबाईंनी चंपाला फोन लावला. त्या काचा झाडत होत्या, म्हणून फोन माझ्या शेजारी मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"चंपा, माझी चूक झाली गं. राजवर्खी नाहीत. साध्या हिरव्या आहेत, त्या पाठवते उद्या माणसाबरोबर."

"अगो, राजवर्खी नाय तं नाय! साद्या आन. पन माणूस कशाला? तू ये."

"माझे गुडघे…"

"गुडघं गेलं खड्ड्यात. मना ठाव हाय तू का येत नायस ते."

झाडू थांबला. प्रेमाबाई हळूच म्हणाल्या, "लोक नावं ठेवतील, चंपा. नवरीला शुभ नाही म्हणतील."

"माजा चुडा कुनी भरला व्हता? तूच ना? माजा संसार वाढला का नाय? मंग पोरीचा बी तूच भरायचा. पोरीनं मोबाइलवर मागवलं, ते मी तुजं दुकान बघून मागवू दिलं. वाटलं, खोक्यामागून तू येशील."

संसार वाढला. मित्रांनो, इतकी वर्षे तो शब्द माझ्या पोटात होता आणि त्याचा हा अर्थ मी कधी मोजला नव्हता. माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमाबाईंनी साध्या हिरव्या बांगड्यांची टोपली भरली, ठेवणीतले लुगडे नेसल्या आणि रेवतीला घेऊन बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून गोराईला गेल्या. दिवेलागणीला परत आल्या, त्या थेट माझ्यासमोर येऊन बसल्या. घरात पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या.

"अख्खं घर भरलं," माझ्या शेजारी काम करत बसलेल्या चैतन्यला त्या म्हणाल्या, "आणि एकही वाढली नाही!"

चैतन्यला आता विचारावे लागले नाही. प्रेमाबाईंनी अडकणारी कळ दोनदा दाबून वाढीच्या रकान्यात शून्य घातले. त्यांचे तोंड हसत होते.

ही गोष्ट गेल्या महिन्यातली. तेव्हापासून त्यांना तीन बोलावणी आली आहेत आणि गुडघ्यांचे नाव निघालेले नाही. माझ्या पोटातले सगळे आता नव्या दुकानात गेले आहे, रकान्याच्या नावासकट. तिथे माल संपला की प्रेमाबाईंच्या हुकमाने 'वाढले' अशी पाटी लागते. मग लोकांचे फोन येतात, "वाढले म्हणजे किती आहेत?" आणि प्रेमाबाई प्रत्येकाला पहिल्यापासून समजावतात. आता हा छळ नव्या दुकानाचा आहे, माझा नाही.

मित्रांनो, कोणाचा जुना पसारा हाती घेतलात तर त्यातले शब्दही जपून उचला. माहीतच आहे असे वाटणारा शब्द तर आधी विचारा, आणि एकदा विचारून थांबू नका.

आता प्रेमाबाईंनी मला हळदकुंकू लावले आहे. दसरा नसताना! चैतन्यचे बोट कळीवर आहे.

"मावशी, ह्याला बंद…" तो जीभ चावतो. "ह्याला वाढवू ना?"

त्या माझ्या डोक्यावर, चापट मारली होती तिथेच, हात ठेवतात.

"वाढव."