विषकर्णाचा झगा

काळी लोकर. विषाची कुपी, प्लास्टिकची. आतल्या अंगाला एक चोरखिसा, ज्यात कधी काहीच नव्हतं. झेंडूची ओली माळ. "काहून गं, दार लावलं का नीट?"

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. माझ्या वाट्याला मात्र ते सगळे एकदमच आले. मी एक झगा आहे, टाचेपर्यंत लांब, डोक्यावर ओढायची टोपी असलेला, आणि आता बराच विटलेला. टीव्हीवरच्या एका अद्भुत मालिकेत राजाच्या हेरांचा प्रमुख विषकर्ण मला घालून फिरायचा. राणीचं बोलणं प्रधानाला सांगायचं, प्रधानाचं राणीला, आणि दोघांनाही घाबरवून ठेवायचं, हे त्याचं काम. मला शिवलंच त्यासाठी. त्यामुळे संशय माझ्या अस्तरातच आहे. कुणी नुसतं हसलं तरी मला वाटतं, हा का हसला?

विषकर्ण होणारे अनुपमदादा जबलपूरचे. पहिल्या पर्वाच्या शेवटी विषकर्ण कड्यावरून नदीत पडला आणि घराघरांत एकच प्रश्न झाला, मेला की वाचला? वाचला होता. पण हे बाहेर फुटलं तर काम दुसऱ्या नटाला जाईल, असं निर्मात्यांनी बजावलं होतं. मला घालून पायऱ्या उतरायचा सराव करावा म्हणून त्यांनी मला दादांबरोबर घरी पाठवलं. घरी त्यांची आई प्रमोदिनीबाई आणि बायको मेघनाताई. एवढ्या तिघांनाच खरं ठाऊक.

पहाटेचा ग्वारीघाट, नर्मदेवरचा. दादा मला घालून ऐटीत पायऱ्या उतरत होते. फुलं विकणाऱ्या बाईने विचारलं, "भैया, नाटकवाले हो क्या?"

दादांना ते लागलं. त्यांनी टोपी मागे सारली. "पहचाना नहीं? विषकर्ण!"

"वो तो मर गया ना?"

"मरा नहीं, दीदी. देखना तुम."

बाई हसली आणि तिने त्यांच्या हातात झेंडूची माळ ठेवली. शेजारचा नाववाला दोरी गुंडाळायचा थांबला होता. तो मला मुळीच आवडला नाही.

त्या सरावात माझी खांद्याची शिवण उसवली. मग नथ्थूभैया आले. म्हातारे शिंपी, या घराचे पडदे, परकर, गाद्यांचे अभ्रे सगळं त्यांनीच शिवलेलं. आता या घराची एक रीत सांगतो. परका माणूस समोर असला की ही मंडळी हिंदीतून मराठीत शिरतात, जशी काही आतल्या खोलीत जाऊन कडी लावतात. भाजीवाल्यासमोर तेच, रिक्षात तेच.

"याला म्हणावं लवकर दे," प्रमोदिनीबाई मराठीत म्हणाल्या. "नव्या भागात हाच घालायचा आहे. आणि उरलेल्या कापडावर लक्ष ठेव गं मेघना, कापड मारतो हा."

नथ्थूभैयांची सुई क्षणभर थांबली. मग चालू लागली. मी मनात नोंद केली. का थांबली?

आठवड्याने सगळ्यांच्या फोनवर बातमी, विषकर्ण जिवंत आहे. निर्मात्यांचा फोन आला. कुणी सांगितलं ते संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा नट बघतो.

"तुझ्या शाळेतल्या बायका कमी आहेत का?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? भजनाला तुम्ही जाता, आई!"

"मी माझ्या पोराच्या पोटावर पाय देईन? काहीही काहून बोलून राहिली तू?"

तेवढ्यात उरलेलं कापड परत द्यायला नथ्थूभैया दारात आले. मेघनाताई गप्प झाल्या. "बोल तू," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "त्याला काय कळतंय!"

"कळतं, बाई," नथ्थूभैया मराठीत म्हणाले. "पहिल्यापासून कळतं. हे घ्या तुमचं कापड."

 मग तिघांच्याही नजरा हळूहळू त्यांच्यावरच स्थिरावल्या.

"म्हणजे तुम्हीच," मेघनाताई म्हणाल्या.

"मैं काहे को बोलूँगा, बिटिया?" म्हातारा एकदम हिंदीत गेला.

मी दादांकडे पाहिलं. त्यांना घाट आठवला होता. मी त्यांच्या खांद्यांवर राहिलेलो आहे, खोटं बोलण्याआधी ते कसे आखडतात हे मला माहीत आहे. त्यांनी फोन उचलला. "जी सर, पता चल गया. घर में एक दर्ज़ी आता था."

काम वाचलं. विषकर्ण परत आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नथ्थूभैयांना मात्र त्या गल्लीतल्या कुठल्याच मराठी घराने पुन्हा बोलावलं नाही.

आता मी गोदामात टांगलेला असतो. मला कसर लागली आहे. मित्रांनो, लोकरीच्या कपड्याला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कीड आतून खाते. माणसावरच्या संशयालाही तसंच ऊन दाखवा. त्याला तोंडावर विचारा, त्याचं पूर्ण ऐकून घ्या, आणि त्याआधी आपला खिसा उलटा करून बघा. मला हे कुणी शिकवलं नाही, आणि मला तोंडही नाही.

माझा खांदा शिवताना खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा नथ्थूभैया स्वतःशी बोलत होते. त्यांना मराठी शिकवली ती अनुपमदादांच्या वडिलांनी, मुरलीधररावांनी, ते जिथे कामाला होते त्या कारखान्याच्या फाटकासमोर, नथ्थूभैयांच्या दुकानात बसून. दादा तेव्हा रांगत होते.