चार इंच उंच

खाणीवर मुकादम असलेल्या लेकाने आईच्या कंबरेसाठी जीपचे हादरे झेलणारे शॉकअप बदलायचं मनावर घेतलं आणि घरात तीन महिने दुसरा विषय निघाला नाही. घर खाणीच्याही वर. उतरायला दगडगोट्यांचा एकच रस्ता, त्यावर टिकणारी ही एकच गाडी. दर गुरुवारी म्हातारी तिच्यातून खाली बाजारात, अंथरुणाला खिळलेल्या ताईकडे जायची. दोघी बहिणी दिवसभर जगाची उणीदुणी काढायच्या. बाकीचे सहा दिवस ती भिंतींशी बोलायची.

मेस्त्री घरीच आला. "तेलाचे घ्यायचे की गॅसचे? गाडी दोन इंच उचलायची की चार?"

"आईच्या पोटातलं पाणी हलता कामा नये," लेक म्हणाला. त्याने गाडीचं वजन काढलं, टायर मोजले, खड्डे मोजले. आईला धान्याच्या काट्यावरसुद्धा उभं केलं. शेवटी गॅसचे, चार इंचवाले ठरले.

गुरुवारी जीप दारात आली. लेक स्टिअरिंगवर बसून इंजिनाचा आवाज ऐकण्यात गुंग. म्हातारीने ताईसाठी विणलेली शाल बगलेत मारली, दांडी धरली, पाय उचलला. तो पोचेना. पुन्हा उचलला, तशी गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. सगळं मोजलं पठ्ठ्याने, आईचं पाऊल किती उचलतं तेवढं राहिलं.

सांगावं, तर हा कुणालातरी हाताशी घेऊन तिला पोत्यासारखं आत टाकणार, दर गुरुवारी, भर बाजारातसुद्धा. जुने शॉकअप तर भंगारातही गेले होते.

"चल की गं आई! कशी झालीय?" शाळेत पहिला नंबर आला की व्हायचा, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्या चेहऱ्यापुढे तिची जीभच उचलेना.

"झकास झालीय रे. माझंच अंग मोडून आलंय आज. तू शाल देऊन ये."

पुढच्या गुरुवारीही तिचं अंग मोडून आलं. त्याच्या पुढच्याही. जीप वळणाआड जाईपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहायची आणि मग दार लावून घ्यायची.

तिसऱ्या खेपेला लेक खुशीत परतला. "भरलेला पेला ठेवला होता, थेंब सांडला नाही! मावशी मात्र रडत होती. एवढी गाडी केली, तरी ही का येत नाही म्हणून."

"मग? काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, आईला आता घर सोडवत नाही."