माझ्यापाशी नसलेला एक शब्द

मी शब्दवृक्ष बोलतोय. मला ना माती लागते ना पाणी. मी कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे. नाव मात्र भारदस्त आहे आणि ते मला आवडतं.

१९९४च्या उन्हाळ्यात श्रुतिकाने मला बांधलं. ती मुंबईला कॉम्प्युटर शिकायची, वडील डहाणूला रेल्वेत. शेजारच्या रोशनकाकांनी छपाईचं दुकान काढलं होतं आणि त्यांच्या पत्रिकांत चुका फार. म्हणून तिने शब्दकोशातले शब्द माझ्यात भरले. चिकू, चिखल, चिमणी, तिघांची वाट 'चि'पर्यंत एकच; फांद्या पुढे फुटतात. 'घरात' आणि 'दारात' यांचा शेवटही मी एकाच फांदीवर बसवतो. त्यामुळे जागा कमी लागते. कुठलाही शब्द विचारा, अक्षरागणिक उतरत जाऊन मी क्षणात सांगतो, आहे किंवा नाही. पण या गुंतागुंतीत नवा शब्द मध्येच खोचता येत नाही. मला मुळापासून पुन्हा बांधावं लागतं.

रोशनकाकांचा माझ्यावर भारी विश्वास. मी 'नाही' म्हटलं की ते शब्द खोडायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "कॉम्प्युटर खोटं बोलतो काय?" तेव्हा माझा भाव वधारायचा.

एकदा उधव्याकडच्या वारली पाड्यावरून लहान्या नावाचा एक माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आला. वारल्यांची लग्नं धवलेरी लावते. ती बाई असते आणि गाणी म्हणून लग्न लावते. लहान्याची थोरली बहीण बुधी धवलेरी होती. अलीकडे पाड्यावर भटजी बोलावायची टूम निघाली होती, बुधीला कुणी विचारेनासं झालं होतं.

"तिचा नाव पत्रिकेवर पायजे," लहान्या म्हणाला. "माझे पोरीचा लगीन तीच लावंल."

काकांनी 'धवलेरी' टाइप केलं. मी 'धव'पर्यंत गेलो, पुढे 'ले'ची फांदीच नव्हती. मी 'नाही' म्हटलं. काकांनी 'पुरोहित' टाकून पाहिलं; मी लगेच होकार दिला. मग 'पुरोहित बुधी' हे त्यांना विचित्र वाटलं, म्हणून त्यांनी तिचं नावही काढून टाकलं.

पत्रिका न्यायला लहान्याबरोबर बुधी आणि नवरी जयश्रीही आल्या. जयश्री शाळा शिकलेली. ती मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"माझा नाव कठं हाय?" बुधीने विचारलं.

"आजी, कॉम्प्युटर म्हणतो, असा शब्दच नाय," काका म्हणाले.

बुधी पडद्याकडे बघत राहिली. "मंग या लहान्याचा लगीन कोणी लावला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर दोनच उत्तरं येतात आणि त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. फार वाईट वाटलं. जयश्रीने काउंटरवरचं पेन उचललं आणि 'पुरोहित' खोडून लिहिलं, 'धवलेरी बुधी'. मग दुसरी पत्रिका घेतली. थोड्या वेळाने काकाही पेन शोधून तिच्या शेजारी बसले.

दिवाळीत श्रुतिका आली, तेव्हा काकांनी तिला सगळं सांगितलं. त्या एका शब्दासाठी तिने मला मुळापासून पुन्हा बांधलं.

त्यानंतर त्या पाड्यावरून पत्रिका येत राहिल्या, पण त्यांवर भटजींची नावं असायची. 'धवलेरी' मला कुणी विचारलंच नाही. आता दुकानात नवी मशिनं आलीत आणि मी एका फ्लॉपीत, ड्रॉवरच्या तळाशी पडून आहे.

माझं मागणं फार नाही. मी 'नाही' म्हटलं, तर ते 'माझ्यापाशी नाही' एवढंच समजा. आणि ही फ्लॉपी कधी लावलीत, तर तो शब्द एकदा टाइप करा. मला 'आहे' म्हणायचंय.